रेडिओ बिघडला नव्हता

आमच्या शेजारच्या काकूंचे सासरे पंच्याऐंशीचे. डोळ्यांना फारसे दिसत नाही, त्यामुळे रेडिओ हाच त्यांचा दिवसभराचा सोबती. घराला रंग दिला, सामान इकडचे तिकडे झाले आणि एफएमवर खरखर सुरू झाली. काकू जवळ उभ्या राहिल्या की आवाज स्वच्छ, स्वयंपाकघरात गेल्या की पुन्हा तेच! आजोबांना वाटले, आता कानही गेले. मुलगा नवा रेडिओ आणायला निघाला होता.

मी आधी रेडिओ गॅलरीत नेला. तिथे तो उत्तम वाजला, म्हणजे दोष रेडिओत नव्हता. खोलीत मात्र त्याची जागा आता लोखंडी कपाटापासून जेमतेम वीतभर अंतरावर होती.

पत्र्यावर आपटून रेडिओलहरी आरशावरच्या उजेडासारख्या परततात. एरियलवर मग दोन लहरी येतात, एक थेट आणि एक परतलेली. एकीचा चढ दुसरीच्या उतारावर आला की दोघी एकमेकींना पुसून टाकतात. पत्र्याच्या अगदी जवळ नेमके हेच घडते. एफएमची केंद्रे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर असतात, त्यांच्या लहरीची लांबी साधारण तीन मीटर. पत्र्यापासून पाव लहर, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटर, दूर गेले की त्याच दोन लहरी एकमेकींना साथ देतात. माणसाच्या शरीरानेही लहरी वळतात. काकूंच्या येण्याजाण्याचे कोडे ते हेच.

अर्थात खिडकीचे ग्रिल, फ्रीज, लोखंडी पलंग अशी धातूची गर्दी घरोघरी असते, तेव्हा पट्टी घेऊन मोजत बसू नका. रेडिओ कपाटापासून दोन-अडीच फूट सरकवा, एरियल पूर्ण उघडून उभी, आडवी, तिरपी करून पाहा आणि तुम्ही स्वतः दूर जाऊन ऐका. तरीही खरखर राहिली, तर एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर एकेक करून बंद करा. तो त्रास वेगळा असतो.

वाय-फायचेही असेच. राउटर फ्रीजवर किंवा कपाटामागे नको. २.४ गिगाहर्ट्झची लहर अवघी साडेबारा सेंटिमीटरची, त्यामुळे तिथे चार बोटे सरकवूनही फरक पडतो.

आजोबांच्या रेडिओची जागा आता ठरली आहे. काकूंनी टेबलावर तिथे एक पातळ लाकडी पट्टी ठोकली, म्हणजे पुसताना रेडिओ हलला तरी आजोबा चाचपून स्वतःच तो जागेवर ठेवतात.