खेळ इन्स्टॉल करावा, डिस्क सोडू नये

जुना एक्सबॉक्स ३६० घरात असेल, किंवा कुणाकडून स्वस्तात मिळाला असेल, तर गेमची डिस्क हातात घेतल्यावर एक गोष्ट ठरवावी लागते. खेळ थेट डिस्कवरून खेळायचा, की आधी यंत्राच्या हार्ड डिस्कवर इन्स्टॉल करून घ्यायचा? आमचे मत स्पष्ट आहे. सध्या रोज खेळला जाणारा खेळ बेलाशक इन्स्टॉल करावा. मात्र ज्या डिस्कवरून तो इन्स्टॉल केला, ती डिस्क आणि तिच्यावरचा आपला हक्क यांची किंमत कमी लेखू नये.

हे यंत्र नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत आले, तेव्हा ही सोयच नव्हती. सर्वांत स्वस्त मॉडेलला हार्ड डिस्क नसे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक खेळ नुसत्या डिस्कवर चालला पाहिजे असा दंडक होता. डीव्हीडी ड्राइव्ह बारापट वेगाने फिरे आणि तिची घरघर सगळ्या खोलीत भरे. खेळातले पात्र हलक्या आवाजात काही सांगू लागले की टीव्हीचा आवाज वाढवावा लागे आणि आतून कुणीतरी ओरडे. नोव्हेंबर २००८ च्या अपडेटने खेळ हार्ड डिस्कवर घेण्याची मुभा दिली. काही मिनिटे थांबायचे, बस. त्यानंतर खेळ सुरू करताना डिस्क एकदा फिरे, ती ट्रेमध्ये खरोखर आहे याची यंत्र खात्री करून घेई आणि मग ती थांबे. घरघर बंद.

आवाजापेक्षाही मोठा फायदा डिस्कच्या आयुष्याचा. या यंत्रात डिस्क फिरत असताना ते हलवले, आडवे होते ते उभे केले, की डिस्कच्या पाठीवर कंपासने काढावा तसा गोल ओरखडा उठे. अशी डिस्क बहुतेक वेळा कामातून गेलेली असे. अमेरिकेत ग्राहक यावरून कोर्टात गेले आणि त्या दाव्यातला प्रक्रियेचा एक प्रश्न २०१७ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. लहान मुले असलेल्या घरात फिरती डिस्क ही जोखीमच. डिस्क थांबलेली असेल तर धक्का लागूनही फारसे बिघडत नाही, आणि ड्राइव्हची लेन्सही कमी झिजते. आता ही यंत्रे पंधरा-वीस वर्षांची झाली आहेत, तेव्हा हा मुद्दा पूर्वीपेक्षा जास्त लागू आहे.

अपवाद आहेत. ‘हेलो ३’ हा या यंत्रावरचा गाजलेला खेळ इन्स्टॉल केल्यावर उलट सावकाश लोड होई, आणि हे तो बनवणाऱ्या बंजी कंपनीनेच सांगितले होते. हा खेळ डिस्कवरून वाचता वाचता पुढे लागणारा डेटा हार्ड डिस्कवर तात्पुरता साठवून ठेवी. दोन्ही कामे एकाच हार्ड डिस्कवर आली की तिची ओढाताण होई. जागेचाही प्रश्न होताच. सुरुवातीच्या २० जीबीच्या हार्ड डिस्कवर यंत्राचा स्वतःचा वाटा वजा जाता दोन मोठे खेळ मावताना मारामार. म्हणून संपलेला खेळ काढून टाकायचा आणि नवा घ्यायचा. डिस्क कपाटात असल्यावर काढून टाकायला भीती कसली?

आमच्या मते तो काळ ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत चांगला होता. खेळ पूर्ण डिस्कवर, इन्स्टॉल करणे ऐच्छिक. हार्ड डिस्क बंद पडली तर नव्या हार्ड डिस्कवर खेळ पुन्हा घेता येई, कुणाची परवानगी लागत नसे.

पुढे हा पर्याय गेला, आणि त्याचे तांत्रिक कारण रास्त होते. खेळ इतके मोठे झाले की ऑप्टिकल ड्राइव्ह त्यांना पुरी पडेना. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर प्रत्येक खेळ इन्स्टॉल करणे सक्तीचे झाले. मग साध्या हार्ड डिस्कही अपुऱ्या पडू लागल्या. ‘स्पायडर-मॅन’च्या न्यूयॉर्कमधल्या रस्त्यावरच्या काही वस्तूंचा डेटा हार्ड डिस्कवर ४०० वेळा लिहावा लागला होता, कारण वाचणाऱ्या हेडला दर वेळी दूर धावायला वेळ नव्हता. प्लेस्टेशन ५ चे शिल्पकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये हे उदाहरण दिले होते. तेव्हा इन्स्टॉल करण्याच्या सक्तीबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती डिस्क पोकळ होत चालली याबद्दल.

२०२२ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’च्या प्लेस्टेशन ५ डिस्कवर शंभर एमबीसुद्धा डेटा नव्हता, बाकी सगळा खेळ इंटरनेटवरून. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ साठी असे कार्ड विकले जाते, ज्यात खेळ नसतोच, फक्त डाउनलोड करण्याची किल्ली असते. आणि डाउनलोडचे दुकान कधी ना कधी बंद होते. एक्सबॉक्स ३६० चे ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झाले. त्याच वर्षी मार्चअखेर युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद केले, आणि ज्यांनी डिस्क विकत घेतली होती त्यांनाही तो एकट्याने खेळता येईना.

महाराष्ट्रातल्या घरांना हा बदल दोन बाजूंनी टोचतो. चार-पाच हजारांचा खेळ नवा घ्यायचा, संपवायचा, विकायचा आणि त्या पैशांत दुसरा घ्यायचा, किंवा मित्राशी अदलाबदल करायची, अशीच कितीतरी मुले खेळत आली. डाउनलोड केलेला खेळ विकता येत नाही, धाकट्या भावंडाला वेगळ्या घरी देता येत नाही. दुसरी बाजू इंटरनेटची. शंभर जीबीचा खेळ फायबर असलेल्या फ्लॅटमध्ये दुपारभरात उतरतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भिस्त असलेल्या तालुक्याच्या गावात रोजचा डेटा संपतो आणि खेळ दहा टक्क्यांवर अडून बसतो.

तक्रार करून उपयोग होतो, हे २०१३ मध्ये दिसले आहे. एक्सबॉक्स वनला चोवीस तासांत एकदा इंटरनेटला जोडण्याची अट मायक्रोसॉफ्टने घातली होती. ग्राहक इतके चिडले की कंपनीने जूनमध्येच ती मागे घेतली. ऑनलाइन विकलेला खेळ म्हणजे मालकी नसून फक्त परवाना असेल, तर तसे स्पष्ट सांगा, असा कायदा कॅलिफोर्नियाने केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वस्तूचा दर्जा आणि प्रमाण यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला देतोच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो खेळांच्या डब्यांनाही लावावा. खेळ डिस्कवर पूर्ण आहे की नाही, किती जीबी वेगळे डाउनलोड करावे लागतील आणि सर्व्हर बंद झाल्यावर तो चालेल का, हे तीन तपशील डब्याच्या दर्शनी बाजूला, किमतीच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत छापणे बंधनकारक करावे.