बाल न्याय मंडळे वाऱ्यावर

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याच रविवारी बाल न्याय मंडळाच्या एका सदस्याने सतरा वर्षांच्या चालकाला जामीन दिला. ३०० शब्दांचा निबंध लिही, ही त्यातली एक अट. ही संस्था अनेकांना कळली ती तेव्हा, आणि संतापाचा विषय म्हणून. संताप रास्तच होता. पण त्यातून ‘सोळा वर्षांपुढच्यांना सरळ मोठ्यांच्या कोर्टात उभे करा’ ही मागणी जोर धरते आहे, आणि ती घातक आहे.

मुळात हे मंडळ म्हणजे छोटे फौजदारी कोर्ट नव्हे. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांत किमान एक महिला, अशी त्याची रचना. मुलाला लॉकअपमध्ये ठेवायचे नाही, बेड्या घालायच्या नाहीत, सोबतचा पोलीस साध्या वेशात हवा. बैठकीच्या खोलीत उंच न्यायासन नको, आरोपीचा पिंजरा नको. मंडळाने शिक्षा दिली तरी विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर किमान सात वर्षे शिक्षेचा, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘निर्घृण’, गुन्हा असेल, तरच प्राथमिक मूल्यांकन करून प्रौढाप्रमाणे खटल्यासाठी प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवता येते. तिथेही फाशी नाही. जुलै २०२५ मध्ये पोर्शे प्रकरणातील मुलाला प्रौढ मानण्यास मंडळाने नकार दिला, तेव्हा पुन्हा गदारोळ झाला. पण सदोष मनुष्यवधाच्या कलमात किमान सात वर्षांची शिक्षा नाही, आणि अशा गुन्ह्यांना निर्घृण गुन्हा म्हणता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सांगून ठेवले आहे.

या व्यवस्थेचा प्राण आहे सामाजिक तपासणी अहवाल. परिविक्षा अधिकाऱ्याने मुलाच्या घरी जायचे. कमावते कोण, शाळा कधी सुटली, का सुटली, पोरगा संध्याकाळी कोणाबरोबर असतो, घरात मारहाण होते का, हे विचारून लिहायचे. हा कागद चोख असेल तर मंडळाला समोरचा मुलगा दिसतो. नसेल तर फक्त गुन्ह्याचे कलम दिसते. आणि परिविक्षा अधिकारी पुरेसे नसतील, तर हे अहवाल चार ओळींत उरकले जाणारच.

नियम म्हणतो, मंडळाने कामकाजाच्या प्रत्येक दिवशी किमान सहा तास बसावे. प्रकरणे कमी असतील तरच सवलत. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दंडाधिकाऱ्याकडे नेहमीच्या कोर्टाचाही भार असतो आणि मंडळाच्या वाट्याला आठवड्यातले एखाद-दोन दिवस येतात. चौकशी चार महिन्यांत, सहसा फार तर आणखी दोन महिन्यांत संपवायची असते, तरी तारखा पडतच राहतात. ज्याच्या मागे नामांकित वकील, तो संध्याकाळी घरी; ज्याची आई चार घरची धुणीभांडी करते, तो रिमांड होममध्ये. हा भेद कायद्याने घातलेला नाही, आपण घातला आहे. इतर न्यायालयांत किती खटले तुंबले ते राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर कोणालाही पाहता येते. बाल न्याय मंडळांचे तसे आकडे लोकांसमोर येत नाहीत. मोजलेच जात नाही, तिथे जाब कोण विचारणार?

इकडे पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्यांत अल्पवयीन मुले वारंवार सापडत आहेत. ती आपणहून उगवलेली नाहीत. गुन्ह्यासाठी मुलांना वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांच्या दंडाची तरतूद बाल न्याय कायद्याच्याच कलम ८३ मध्ये आहे. सोळा वर्षांच्या पोराला तुरुंगात टाकले, तर पडद्यामागचा भाई दुसरा पोरगा शोधेल, आणि पहिला पोरगा तुरुंगात तयार होऊन बाहेर येईल.

म्हणून मागणी करायची तर ती शासनाकडे करा. ज्या जिल्ह्यांत प्रकरणे तुंबली आहेत तिथे पूर्णवेळ दंडाधिकारी द्या, परिविक्षा अधिकाऱ्यांची रिक्त पदे भरा, मंडळनिहाय प्रलंबित प्रकरणे दर तिमाहीला जाहीर करा. आणि कलम ८३ खाली आजवर किती प्रौढांवर गुन्हे नोंदवले, हा आकडा गृहखात्याने येत्या अधिवेशनात सभागृहासमोर ठेवावा.