नैसर्गिक म्हणजे अहिंसक नव्हे



गेल्या दशलक्षणात मी रोज एक हर्बल क्रीम हातापायांना चोळून मंदिरात जात होते. डबीवर हिरवी पानं आणि ठळक अक्षरांत 'नैसर्गिक'. पर्व संपल्यावर एकदा चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली, तर बीजवॅक्स आणि लॅनोलिन! म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्याचं मेण आणि मेंढीच्या लोकरीतून निघणारा तेलकट मेणासारखा पदार्थ. अष्टमूलगुणात मद्य, मांस, मधु यांचा त्याग आपण मुलांकडून पाठ करून घेतो, आणि मी त्याच पोळ्याचं मेण अंगाला लावून पूजेला बसले होते.

कंपनी खोटं बोलली नव्हती. मेण नैसर्गिकच की! वाचलं नाही ते मी.

केसांच्या तेलांचंही तेच. चित्र बदामाचं, पण घटकांच्या यादीत पहिलं नाव लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे पेट्रोलियमपासून केलेलं तेल. यादी उतरत्या प्रमाणात असते. बदाम तळाशी सापडतो. बी.कॉम.ला ताळेबंद वाचायला शिकले, बाटली वाचायला साठी उलटावी लागली.

मग काय वापरायचं? साधं खोबरेल. खाद्यतेल म्हणून विकलं जाणारं घ्या, त्यावर हिरवा ठिपका असतो. 'ते स्वयंपाकाचं, डोक्याचं वेगळं' असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते: हे खाद्यतेल की केशतेल, हा कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेलही खाद्यतेल धरता येतं असा निकाल लागला. तेल तेच, लेबल वेगळं.

मी तर खोबऱ्याच्या वाट्या आणून, कीड-बुरशी नीट पाहून, उन्हं देऊन घाण्यावर देते. चांगल्या खोबऱ्याच्या किलोमागे साधारण ६०० ग्रॅम तेल निघतं. थंडीत थिजतं, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवायची, गॅसवर नाही.

सूनबाई म्हणते, "आई, चिकट होतं." होणारच, पळीभर ओतलं तर! न्हाण्याआधी चमचाभर केसांना, आंघोळीनंतर ओलसर अंगावर चार थेंब, पुरे. नातीच्या चेहऱ्यावर मुरुमं आहेत, तिथे मात्र मी लावू देत नाही. तेलाने ती वाढू शकतात.

तुमच्या न्हाणीघरातल्या फळीवर आज किती डब्या आहेत? माझ्याकडे अकरा निघाल्या. सात काढून टाकल्या.