बालशिक्षिकेची उमेदवारी

भिंगारचे नाव इतिहासाच्या दप्तरांत येते ते बहुधा पातशहांच्या निमित्ताने. अहमद निजामशहाने १४९० साली बहामनी फौजेचा पराभव करून ज्या मुलखात पुढे आपली राजधानी वसविली त्या मुलखातले हे जुने गाव, आणि १७०७ साली औरंगजेबाचा अंत झाला तोही याच परिसरात. परंतु बालशिक्षिकेच्या तयारीच्या विषयाकडे वळताना आम्हांला अधिक अगत्याची वाटते ती गावाला लागूनच असलेल्या नगर शहरातील एक निराळी हकीकत. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरारबाई १८३९ साली मुंबईहून नगरला आल्या आणि १८६२ साली येथेच निवर्तल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या संकल्पास बळ आले, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले तेही फॅरारबाईंच्याच संस्थेत, असे चरित्रकार सांगतात. शिकविणारीने आधी स्वतः शिकले पाहिजे, हे ज्या भूमीत इतक्या लवकर ओळखले गेले तेथे आज तीन ते सहा वर्षांच्या मुलांची शिक्षिका कशी तयार होते, हे विचारण्यास दिवाळीचे चार निवांत दिवस योग्यच होत.

उत्तर समाधानकारक नाही. डी.एड.ची तालीम मुख्यतः पहिलीपासून पुढच्या वर्गांसाठी. खासगी बालवर्गात शिरू पाहणारी मुलगी बहुधा काही महिन्यांचा माँटेसरी अभ्यासक्रम उरकून जूनमध्ये एकदम वर्गासमोर उभी राहते. आणि राज्यातील सुमारे १,१०,००० अंगणवाड्या ज्यांच्या हाती आहेत त्या सेविका वजन-उंचीच्या नोंदी, पोषण आहार, लसीकरणाच्या याद्या आणि मोबाईलवरील पोषण ट्रॅकर यांतून सवड काढून शिकवितात व त्याबद्दल पगार नव्हे, मानधन घेतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका अशी तजवीज सांगितली, हे ठीकच झाले. मात्र हे शिक्षण दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवरून व स्मार्टफोनवरून द्यावे आणि महिन्यातून किमान एक वर्ग प्रत्यक्ष भरवावा, हे कलम वाचताना आम्ही थबकलो.

कारण याच महाराष्ट्रात ही तालीम कशी दिली जाते याचा दाखला फार पूर्वीच मिळालेला आहे. ताराबाई मोडकांनी १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासमवेत नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला तेव्हा बालशिक्षण ही सधन घरांची हौस समजली जात असे. १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या, हुजूरपागा शाळेत अध्यापन केलेल्या अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. जी आदिवासी मुले शाळेत येत नव्हती त्यांच्या अंगणात तेथे शाळा गेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरली, महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने आणि माती आली. धडा देण्यापूर्वी शिक्षिकेला मुलांना आंघोळ घालावी लागे, नखे कापावी लागत. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. सरकारने कोसबाडची कल्पना घेतली, कोसबाडची उमेदवारी मात्र घेतली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही उमेदवारी मुख्यतः पाहण्याची असते. साडेतीन वर्षांची एक मुलगी एका वाटीतले चिंचोके दुसऱ्या वाटीत टाकीत बसली आहे, असे समजा. प्रथम ती मुठीने उचलते; हळूहळू मूठ सुटते आणि अंगठा, तर्जनी व मधले बोट एवढीच कामाला लागतात; एक चिंचोका घरंगळतो, ती तो शोधून आणते आणि सगळे पुन्हा आरंभापासून सुरू करते. हीच तीन बोटे उद्या पेन्सिल धरणार आहेत. नवशिकी शिक्षिका नेमकी याच वेळी ‘शाबास!’ म्हणते, किंवा ‘आता मोजून दाखव पाहू’ असे फर्मान सोडते, आणि मुलीचे चित्त उडते. मुरलेली शिक्षिका चिंचोका नाकातोंडात जात नाही ना एवढ्यावर नजर ठेवून गप्प राहते, व मुले घरी गेल्यावर वहीत दोन ओळी टिपून ठेवते. हे गप्प राहणे दुसरीला तसे राहताना पाहूनच अंगी येते. (जूनमध्ये बालवर्गात घातलेल्या मुलाने दिवाळीपर्यंत शंभर आकडे लिहिले पाहिजेत असा ज्यांचा आग्रह आहे, त्या पालकांनीही दोन-चार दिवस अशी उमेदवारी करावयास हरकत नाही.)

भिंगारच्या शिक्षिकेला आणखी एका गोष्टीची तयारी हवी. गाव छावणीचे, लष्करातील बदल्यांमुळे वर्ष अर्ध्यावर असताना पंजाबी किंवा तमिळ बोलणारे मूल वर्गात येऊन बसते, त्याच्या शेजारी घरात दख्खनी ऐकणारे, आणि पलीकडे पाथर्डी-शेवगावकडची मराठी बरोबर घेऊन आलेले. ‘पाणी हवे’, ‘पोट दुखते’, ‘आई कधी येणार’ एवढे तरी त्या त्या बोलीत समजल्यावाचून या मुलांचा दिवस सुरू होत नाही, आणि कोणत्याही पाठ्यक्रमात त्याला गुण नाहीत.

आमची मागणी माफक आहे. संस्थाचालकांनी नव्या शिक्षिकेला पहिले सहा महिने स्वतंत्र वर्ग देऊ नये, जाणत्या शिक्षिकेशेजारी बसवावे, आणि त्या सहा महिन्यांचा पगार पुरता द्यावा. सरकारनेही सेविकांना एखाद्या उत्तम अंगणवाडीत अशीच उमेदवारी मानधनात कपात न करता करू द्यावी. आणि बारावी होऊन या पेशाचा विचार करणाऱ्या मुलींना एवढेच सांगणे आहे की, एखाद्या बालवाडीत परवानगी काढून महिनाभर कोपऱ्यात नुसत्या बसून पाहा. त्यानंतरही जावेसे वाटले, तरच अर्ज करा.