करारावर दोन, खोलीत दहा: तक्रार कोणाविरुद्ध?

पुण्यात सदाशिव पेठेपासून धायरीपर्यंत एकच चित्र दिसते. टू बीएचके फ्लॅट, करारावर दोन नावे आणि आत 'कॉट बेसिस'वर आठ-दहा मुले. मराठवाडा-विदर्भातून शिकायला, एमपीएससीला आलेली. त्यांत आपलीही मुले आहेत आणि कर्ज काढून शेजारचा फ्लॅट घेतलेला माणूसही आता पुष्कळदा आपलाच असतो.

शेजाऱ्याचा त्रास खोटा नाही. सकाळी आठलाच टाकी रिकामी, रात्री दोनला दाराची घंटा, जिन्यात चपलांचा ढीग. आदर्श उपविधींप्रमाणे पाणीपट्टी नळांवर आकारली जाते, माणसांवर नाही. म्हणजे दहा जणांच्या पाण्याचा भार सगळ्या इमारतीवर. सोसायटीला बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपलीकडे घेता येत नाही. माणशी भाडे मात्र घरमालकाच्या खिशात!

म्हणून तक्रार मालकाविरुद्ध हवी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999च्या कलम 55नुसार करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी त्याचीच आहे. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या, तारखांसह. कराराची प्रत आणि पोलिसांकडे दिलेली भाडेकरूंची माहिती मागा. समितीने दाद दिली नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जा. पाणी तोडणे, गेटवर पोरांना अडवणे हे धंदे नकोत.

कारण सभेत विषय पाण्यावरून सुरू होतो आणि 'ही पोरं कुठली?' यावर घसरतो. मग आडनाव, मग भिंतीवरचा फोटो. 1917 साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. आज लाठी नाही. पण 'चालणारे' आडनाव करारावर जाते आणि बाकीचे 'भेटायला आलेले मित्र' ठरतात. मुले अनधिकृत होतात ती पुष्कळदा अशी.

दुसरे कारण पैशाचे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये, पैकी निवासासाठी 20,000. महिन्याला सतराशेही नाहीत. एवढ्यात पुण्यात स्वतंत्र खोली कोण देतो? आणि नुसती एमपीएससी करणारा या योजनेत बसतच नाही. समाजकल्याण कार्यालयावर मोर्चे निघतात ते रखडलेल्या हप्त्यांसाठी. निवासाच्या रकमेवर कोणी बोलत नाही.

मुलांनीही एक करावे. राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव करारात घालून घ्यावे, एका करारात अनेक नावे बसतात. मालक नको म्हणाला तर डिपॉझिट देण्याआधीच तिथून निघावे, कारण वाद झाला की नाव नसलेल्याच्या हातात पावतीसुद्धा नसते.