पोल झाला, मत राहिलं

गेल्या शनिवारी रात्री अकराच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोल पडला. ‘मागचं गेट कायमचं बंद करावं का?’ खाली दोन पर्याय, हो आणि नाही. रविवारी सकाळी खाली उतरले तर गेटला नवं कोरं कुलूप. वॉचमनला विचारलं. ‘मॅडम, पोल झाला ना,’ तो म्हणाला. सेक्रेटरींना फोन लावला, तर त्यांचंही तेच. ‘ताई, पोल झालाय, बहुमत आलंय. आता परत कशाला तो विषय?’

या सदराच्या वाचकांना माझा स्वभाव ठाऊक आहे. गच्चीवरच्या टाक्यांबद्दल लिहिलं तेव्हा ‘सोसायटीचं धुणं पेपरात कशाला धुता’ अशी पत्रं आली होती. तरी आज पुन्हा लिहिते आहे, कारण गेट उद्या उघडेलही. पण ‘पोल झाला’ या दोन शब्दांनी माणसं ज्या तऱ्हेने गप्प बसली, त्याचा मला मनापासून राग आला आहे.

मागच्या गेटचा सगळ्यात जास्त उपयोग तळमजल्यावरच्या आजींना. गुडघे दुखतात, पुढच्या गेटने गेलं की भाजीवाल्यापर्यंत पूर्ण वळसा. त्यांचा फोन बटणांचा. त्यांच्यापर्यंत हा पोल पोचलाच नाही, कुलूप मात्र पोचलं. दुसऱ्या मजल्यावरचे काका साडेनऊला झोपतात. ते उठले तेव्हा निकाल लागलेला होता. उलट ‘हो’ म्हणणाऱ्यांत एकाच घरातले तिघे, प्रत्येकाचा फोन वेगळा. शिवाय फ्लॅट विकून पुण्याला गेलेले, पण ग्रुपमध्ये राहून गेलेले एक गृहस्थ. त्यांनीही आमचं गेट बंद केलं.

‘आजींना विचारलं का?’ असं मी सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, ‘ताई, पोल सगळ्यांसाठी खुला होता.’ खुला होता म्हणजे काय? दार उघडं ठेवणं आणि घरी जाऊन बोलावणं यात फरक आहे, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की मताच्या बाबतीत घरी जाऊनच बोलवावं लागतं. सहकार कायदा हेच सांगतो. १९६० चा महाराष्ट्राचा कायदा, कलम २७: एका सभासदाला एकच मत. घरात फोन किती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वार्षिक सभेची नोटीस प्रत्येक सभासदाला १४ दिवस आधी द्यावी लागते. हे चौदा दिवस कुणी उगाच घातलेले नाहीत. झोपलेल्याला उठायला, गावाला गेलेल्याला परत यायला, आजींना कुणाकडून तरी वाचून घ्यायला तेवढा वेळ लागतो.

घोळाचं मूळ पोल या शब्दातही आहे. इंग्रजीत त्याचा जुना अर्थ डोकं. डोकी मोजायची म्हणून पोल. दर माणशी वसूल करायचा तो पोल टॅक्स, आपली डोईपट्टी. पुढे मतदानाला तोच शब्द लागला आणि मग लोकांचा कल अजमावणाऱ्या चाचण्यांनाही तोच. आपण सगळेच घेतले. पोलिंग बूथ, पोलिंग एजंट, ओपिनियन पोल, एक्झिट पोल आणि आता फोनवरचा पोल. मराठीत मतदान आणि चाचणी असे दोन स्वच्छ शब्द आहेत, पण बोलताना ते कुणाच्या तोंडी येत नाहीत आणि मग चाचणीला मतदानाचा मान आयता मिळतो.

फोन असलेल्यांनाच विचारण्याची चूक फार जुनी आहे. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षपदासाठी चाचणी घेतली. सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, त्यातल्या २३ लाखांच्या आसपास भरून परत आल्या. आकडा प्रचंड. त्यावरून रूझवेल्ट यांच्या विरोधात उभे असलेले लँडन जिंकणार असं त्यांनी छापलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते बरेचसे टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदींमधून घेतलेले होते. मंदीच्या त्या दिवसांत टेलिफोन आणि मोटार ज्यांच्याकडे नव्हती, ते मोठ्या प्रमाणात रूझवेल्ट यांच्या बाजूचे होते. शिवाय कार्ड भरून परत पाठवणाऱ्यांत रागावलेलेच जास्त निघाले. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी, पण नीट निवडलेल्या माणसांना विचारलं आणि त्यांचा अंदाज बरोबर आला. किती जणांना विचारलं यापेक्षा कुणाला विचारायचं राहिलं हे आधी पाहायचं असतं, हे तेव्हाच कळलेलं आहे.

चाचणी घेणाऱ्यांवर माझा राग नाही. उन्हातान्हात दारोदार फिरणारी ती मुलं मेहनत करतात. पण चाचणी नीट केली तरी तिची पोच किती, हे आपल्या नाशिक जिल्ह्याने २०२४ मध्ये पाहिलं आहे. लोकसभेसाठी नाशिक आणि दिंडोरीत २० मे रोजी मतदान झालं. शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल जाहीर करता येत नाही, म्हणून १ जूनच्या संध्याकाळी आकड्यांचा पाऊस पडला. देशात बहुतेकांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर बसवलं. ४ जूनला २९३ आल्या.

दिंडोरीत काय झालं ते प्रत्येक मतदाराला माहीत असावं असं मला वाटतं. कांद्याच्या निर्यातबंदीने लासलगाव, पिंपळगावचा शेतकरी पोळलेला होता. राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाने भास्कर भगरे यांना उभं केलं. शिक्षक माणूस, त्यामुळे लोकांच्या तोंडी ‘भगरे सर’. चिन्ह, तुतारी वाजवणारा माणूस. त्याच मतपत्रिकेवर भगरे आडनावाचा आणखी एक उमेदवार होता, अपक्ष, आणि त्याचं चिन्ह नुसती तुतारी, जिला लोक नंतर पिपाणी म्हणू लागले. भास्कर भगरे केंद्रात मंत्री असलेल्या डॉ. भारती पवारांना हरवून लाखाहून जास्त मतांनी निवडून आले खरे. पण फारसं कुणाला ठाऊक नसलेल्या त्या अपक्षालाही एक लाखाहून अधिक मतं पडली!

आता विचार करा. केंद्राबाहेर पाटी-पेन्सिल घेऊन उभ्या असलेल्या मुलाने एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं असतं, ‘बाबा, कुणाला दिलं?’ तर बाबा मोठ्या आवाजात म्हणाले असते, ‘भगरे सरांना. तुतारीला.’ बाबा खोटं बोलले नसते. त्यांचं बोट मात्र कुठल्या बटणावर गेलं हे त्यांनाही कळलेलं नसणार. चाचणीत जिभेवरचं मत नोंदलं जातं, मोजणीत बोटाचं. या दोन्हींत फसला तो त्या मतदाराचा हेतू. त्याची दाद मागायला चाचणीत जागा नाही. चिन्हाबद्दल तक्रार करायला निवडणूक आयोग तरी आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी जिंकले. पहिल्या दोघांची मतं मिळून दोन लाखांच्या वर होती. एवढ्या गर्दीतली १६२ माणसं कुठलीही चाचणी पकडू शकत नाही. ती सकाळी उठून केंद्रावर गेली म्हणूनच मोजली गेली.

पोल या शब्दावरून आणखी एक गोष्ट आठवली, आणि खरं तर हाच लेखाचा विषय व्हायला हवा होता. आपला १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा निवडणूक आणि पोल हे शब्द वेगवेगळे वापरतो. निवडणूक म्हणजे अधिसूचनेपासून निकालापर्यंतचं सगळं. पोल म्हणजे त्यातलं प्रत्यक्ष मतदान. कलम ५३ म्हणतं, उमेदवार जागेपेक्षा जास्त असतील तर पोल घ्या. एका जागेला एकच उरला तर त्याला लगेच निवडून आल्याचं जाहीर करा. म्हणजे निवडणूक होते आणि पोल होत नाही.

नाशिकने हे अनुभवलं आहे. चीनच्या आक्रमणानंतर १९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपण अजून छाती फुगवून सांगतो. त्यांना लोकसभेची जागा हवी होती, ती नाशिकने दिली. १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते इथून बिनविरोध निवडून आले. युद्धाचा प्रसंग होता, सगळ्या पक्षांनी एकदिलाने माघार घेतली, त्याचा मलाही अभिमान आहे. तरी एक सल राहतो. याच मतदारसंघाने १९५७ मध्ये दादासाहेब गायकवाडांना दिल्लीला पाठवलं होतं. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब. १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रहाला बसलेले. ज्या दलितांना मंदिराचं दार बंद होतं, त्यांच्या नेत्याला सत्तावीस वर्षांनी शहराने आणि खेड्यांनी मत देऊन निवडलं. ती ताकद मतदानाच्या त्या एका दिवसात असते. १९६३ ला तो दिवस नाशिककरांना मिळाला नाही. लोकसभेसाठी पुढचा शिक्का १९६७ ला.

तो प्रसंग मोठा होता. पण गावोगावच्या ग्रामपंचायतींत ‘बिनविरोध’ हा मानाचा बिल्ला झाला आहे. बिनविरोध केली तर गावाला निधी, असं आमदार जाहीर करतात. तंटे टळतात, खर्च वाचतो, हे मी समजू शकते. पण बिनविरोध ठरवायला कोण बसलं होतं, हा प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारते आणि प्रत्येक वेळी माणसं माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतात. शेतात कामाला गेलेली बाई बसली होती का? द्राक्षाच्या हंगामात निफाडच्या बागांत मुक्कामाला असलेलं सुरगाण्याचं जोडपं त्यांच्या गावच्या बैठकीला होतं का?

देवळा तालुक्यातलं उमराणे आठवा. जानेवारी २०२१, राज्यभर ग्रामपंचायतींच्या निवडणुका. उमराण्यात पदांचा जाहीर लिलाव झाला, बोली दोन कोटींच्या वर गेली. पैसा देवळासाठी जाणार, कुणाच्या खिशात नाही, असं सांगितलं गेलं. सगळ्या गावाचं ठरलंय, असंही. लिलावाची चित्रफीत राज्यभर फिरली. राज्य निवडणूक आयोगाने अहवाल मागवले, चित्रफिती पाहिल्या आणि उमराण्याची आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीची निवडणूक प्रक्रियाच रद्द करून टाकली. तेव्हा बरेच जण म्हणाले की गाव राजी होतं, देवाचं काम होतं, आयोगाला काय पडलं होतं? मी तेव्हाही आयोगाच्या बाजूने होते आणि आजही आहे. बोली लावायला ऐपत लागते. मतदार यादीत नाव यायला वयाची अठरा वर्षं आणि गावातला राहता पत्ता पुरतो. त्या यादीतल्या प्रत्येकाला गाव खरंच राजी आहे का, असं एकेकट्याने, आडोशाला, कुणाच्या नजरेखाली न येता विचारण्याचा दुसरा कुठलाही रस्ता उमराण्याकडे नव्हता.