लाजेची सक्ती आणि नियमाची सक्ती

कॅनडात आणि अमेरिकेत बर्फावरील हॉकी खेळणाऱ्या अल्पवयीन मुलांना शिरस्त्राण, तोंडावरची जाळी आणि गळपट्टा यांवाचून बर्फावर उतरू न देण्याचा जो दंडक आहे, त्यावर हरकत घेणारांची कैफियत तीन कलमांची आहे: सक्तीने शौर्य खचते, निवडीचा अधिकार पालकांचा आहे, आणि साधने चढविल्याने मुले अधिकच बेफाम होतात. यांतील एकही कलम सर्वस्वी पोकळ नाही. म्हणूनच त्यांची रुजुवात नीट झाली पाहिजे.

आधी गाठ कशाशी आहे ते पाहावे. पक म्हणजे टणक रबराची, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची चकती. वजन जवळजवळ आपल्या क्रिकेटच्या चेंडूइतकेच, पण हिला काठ असतो, आणि उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी ती मुद्दाम गोठवितात. पायांखाली पाजळलेली पाती, आणि पडल्यावर अंग झेलायला माती नव्हे, गोठलेली फरशी.

आता शौर्य. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटच्या फटक्याने माँट्रियलचा गोलरक्षक झाक प्लांत याचा चेहरा फाटला. टाके घालून घेतल्यावर, सरावात वापरीत असलेला मुखवटा चढविल्याखेरीज आपण गोलात उभे राहणार नाही, असे त्याने बजावले, आणि मुखवटा मनापासून नापसंत असलेल्या प्रशिक्षक टो ब्लेक यांना निरुपायाने मान तुकवावी लागली. त्याच हंगामाअखेर त्या संघाने स्टॅनली चषक जिंकला. ज्याने चेहरा झाकला त्याचे धैर्य झाकले गेले नाही, एवढा दाखला या कलमाला पुरेसा आहे.

दुसरे कलम अधिक वजनदार आहे. जानेवारी १९६८ मध्ये बिल मास्टरटन हा व्यावसायिक खेळाडू उघड्या डोक्याने बर्फावर आदळला आणि दोन दिवसांत मरण पावला. तरीही उत्तर अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक संघटनेचा शिरस्त्राणाचा नियम १९७९ साली आला, आणि तोही नव्याने येणारांपुरता, इतका की जुन्यांपैकी शेवटचा क्रेग मॅकटॅव्हिश १९९७ पर्यंत बोडक्या डोक्याने खेळत राहिला. धोका डोळ्यांनी पाहिलेली ही जाणती माणसे टोप का घालीत नव्हती? अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७३ च्या आपल्या निबंधात हॉकीच्या टोपाचेच उदाहरण घेऊन याची उकल केली: इतर घालीत नाहीत म्हणून कोणी एकटा घालीत नाही, पण सर्वांना बांधणारा नियम आला तर तोच मनुष्य त्याला खुशीने रुकार देईल. प्रौढांची ही गत, तर बारा वर्षांच्या पोराची काय कथा? पालकाने घरी आवळून दिलेला हनुवटीखालचा पट्टा कपडे बदलण्याच्या खोलीत, मोठ्या पोरांच्या एका हसण्यासरशी, सैल होतो. तेथे पालकांची मुखत्यारी चालत नाही, लाजेचा अंमल चालतो, आणि लाजेच्या हुकमावर अपील नसते. दुचाकीवरील हेल्मेटसक्तीविरुद्ध स्वातंत्र्याची हाक पुणेकरांनी वर्षानुवर्षे ऐकली आहे. परंतु तेथील वादी आपल्या डोक्याचा मालक असलेला प्रौढ असतो, येथे ते डोके पोराचे आहे.

तिसऱ्या कलमातील अर्धे सत्य मान्य केलेच पाहिजे. जाळीआड सुरक्षित वाटणारा मुलगा अधिक जोराने भिडू शकतो. शिवाय शिरस्त्राण कवटी वाचविते, पण आत हिंदकळणाऱ्या मेंदूची हमी देत नाही. मात्र यावरून जाळी काढावी हे निष्पन्न होत नाही. भिडण्यालाच लगाम घालावा, हे होते. अमेरिकेच्या संघटनेने २०११ मध्ये आणि कॅनडाच्या संघटनेने २०१३ मध्ये अंगावर धडक देण्याची मुभा बारा वर्षांपर्यंतच्या वयोगटांतून काढून घेतली, ती याच विचाराने. साधन आणि शिस्त या सवती नव्हेत.

उलट, नियमाविरुद्ध खरी तक्रार असेल तर ती त्याच्या विलंबाची आहे. टोरंटोचे नेत्रवैद्य टॉम पॅश्बी यांना खेळाडूंच्या फुटलेल्या डोळ्यांची मोजदाद करीत फिरावे लागले, तेव्हा कोठे कॅनडातील मुलांच्या तोंडावर जाळी आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडातील शेफील्ड येथे स्केटच्या पात्याने गळा चिरून अॅडम जॉन्सन हा खेळाडू मरण पावला, आणि अमेरिकेतील मुलांना गळपट्टा सक्तीचा झाला तो त्यानंतर, ऑगस्ट २०२४ पासून.

एक हरकत मात्र बिनतोड आहे, आणि आक्षेपक ती क्वचितच घेतात: हा सरंजाम महाग आहे, आणि वर्षभरात अंगाला आखूड होतो. ज्या संघटनेने सक्ती करावी तिनेच लहान झालेली साधने गोळा करून, तपासून, पुढच्या पोराला उसनी देण्याची तरतूद करावी. एरवी सक्तीचा अर्थ गरिबाला मज्जाव, एवढाच उरेल. ही तरतूद झाली म्हणजे नियमाचे काम पुरे होते, कारण सर्वांच्या डोक्यावर टोप असला की मग कोणाचाच टोप कोणाच्या नजरेत भरत नाही, आणि पोरे निमूटपणे पकच्या मागे लागतात.